ताट रिकामं दिसू नये म्हणून

मामा, तुम्ही मला बघायला परभणीला आलात त्या दिवशी मी तुम्हाला खाऊ घालून जवळजवळ मारलं होतं.

हे वाक्य तुम्हाला माती देताना माझ्या मनात आलं आणि मला हसू फुटलं. आपल्या रिवाजाप्रमाणं तुम्हाला मांडी घालून बसवलं होतं. कपाळाला विभूती, तळहातावर लिंग, अंगावर बेलाची पानं. तुम्ही इतके व्यवस्थित बसला होता, की आता कुणीतरी पुढं ताट मांडायचं तेवढं राहिलंय असं वाटत होतं. मी तोंडावर उपरणं धरलं. खांदे हलत होते. जिंतूरच्या एका म्हाताऱ्याला वाटलं, जावई हुंदके देतोय. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी राहू दिला. कारण थोड्या वेळानं ते हसू होतं की दुसरं काही, ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

तेव्हा मी मोंढ्यात एका अडतीवर कारकून होतो. कापसाच्या भावाची चौकशी करायला एकदा जिंतूरला आलो होतो. तुमच्या किराणा दुकानापुढं एका गाडीवानानं बैल आडवे उभे केले होते. आतून आवाज आला, "ओ दादा, बैल हटवताव का गिऱ्हाइकानं शिपटाला धरून दुकानात चढायचं?" गाडीवान मुकाट्यानं बैल हाकलू लागला. मी वाकून आत बघितलं. तराजूत शेंगदाणे टाकणारी तुमची काशी दिसली. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "तुमाला काय पायजे?" मला काही नको होतं, म्हणून मी हिंग मागितला. आमच्या घरी त्यानंतर वर्षभर हिंग विकत आणावा लागला नाही.

मग मध्यस्थ गाठला. वडील कधीच गेलेले, त्यामुळं सगळी धावपळ माझीच. तुमचा निरोप आला, 'बाजाराच्या कामानं परभणीला येणार आहे, तेव्हा पोरगा बघून घेतो.' आणि नेमकी आई ताडकळसला बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली. घरात चूल पेटत नव्हती. तुम्हाला जेवायला कुठं न्यायचं, हा प्रश्न मला पडला. खरं तर पडायला नको होता. मोंढ्यामागं गंगाक्काची खानावळ होती. मी रोज तिथंच जेवायचो. जमिनीवर पाट, ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी, आणि सोबत गंगाक्काचं तोंड. "काल कुठं उलथला होतास? तुझ्या वाटणीची भाकर कुत्र्यानं खाल्ली," असं म्हणत ती वाढायची. अशा ठिकाणी होणाऱ्या सासऱ्याला कसं न्यायचं?

त्याच सुमाराला स्टेशनच्या रस्त्यावर सोलापूरकडच्या, आपल्यातल्याच एका माणसानं टेबल-खुर्च्यांचं हॉटेल काढलं होतं. भिंतीला आरसे, दाराला पडदा, दारावर उर्दूत आणि मराठीत पाटी. कचेरीतले शेरवानीवाले साहेब आणि वकील तिथं जायचे. आचारी लिंगायत आहे, म्हणजे तुमच्या सोवळ्याला धक्का लागणार नाही, एवढी चौकशी मी केली. तेवढीच अक्कल त्या दिवशी मी वापरली.

आदल्या दिवशी मी वाढप्याला गाठलं. तो कुठल्या तरी लांबच्या मुलखातून आलेला, नवखा होता.

"उद्या माझे मेहमान येणारेत. त्यांचं ताट रिकामं दिसता कामा नये."

"पुरे म्हणाले तर?"

"म्हणणारच. मोठी माणसं लाजतात. तू लिहाज ठेवू नको. वाढत राहा."

मामा, तुम्ही आलात. खुर्चीवर पाय वर घेऊन मांडी घातलीत. गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं, डोळे मिटून ताटातलं अन्न त्याला दाखवलंत. वाढप्याला वाटलं, पाहुण्यांना झोप लागली. मग तुम्ही जेवायला सुरुवात केलीत. पुऱ्या, बटाट्याची भाजी, वरणभात, बासुंदी. तुम्ही शांतपणे, एक शीत न सांडता ताट संपवलंत. वाढपी टपलेलाच होता. पुन्हा पुऱ्या पडल्या.

आता जे अन्न लिंगाला दाखवलं, तो प्रसाद. प्रसादातला कण टाकायचा नाही, हे आपल्यात लहान लेकरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. घरी जेवताना आपण पुरे म्हणतो, वाढणारी बाई थांबते, विषय संपतो. थांबणाऱ्या बाईला मी त्या दिवशी आपल्या हातानं बाजूला करून ठेवलं होतं, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

तुम्ही म्हणालात, "पुरे." वाढप्यानं बासुंदी ओतली. तुम्ही ती संपवलीत. "बास आता, बाबा." त्यानं भात घातला. तुम्ही तो संपवलात. तुम्ही ताटावर दोन्ही हात आडवे धरलेत, तर त्यानं बोटांच्या फटीतून पुरी सरकवली. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मला वाटलं, पाहुणचार आवडलेला दिसतोय. मी वाढप्याला भुवई उडवून दाखवली. मनातून मात्र घाबरलो होतो. माणसाचा आहार आहे की काय हे! पोरगी बापावर गेली असली, तर आपल्या घरची ज्वारी संक्रांतीलाच संपायची.

शेवटी तुम्ही शहाणपणानं तांब्या उचललात. ताटात पाणी घातलंत. आपल्यात ताट बोटानं धुऊन ते पाणीही पिऊन टाकतात, म्हणजे कण वाया जात नाही आणि जेवण संपलं हे सगळ्या जगाला कळतं. सगळ्या जगाला. त्या वाढप्याला नाही. त्याला फक्त एवढंच दिसलं, की ताटात अन्न नाही. त्यानं वरून एक पुरी सोडली.

ती पुरी त्या पाण्यावर तरंगत होती. तुम्ही तिच्याकडं बघत राहिलात. पुढं इतक्या वर्षांत तुमचे बैल मेले, भाऊ गेला, दुष्काळ आले. पण तशी नजर तुमच्या डोळ्यांत मी परत बघितली नाही. मग तुम्ही ती पुरी उचललीत, आणि खाल्लीत. आणि पाणीही प्यायलात, उभे राहून, कारण बसून ते आत जायला जागा नव्हती.

मोटर अड्ड्यापर्यंत मी टांगा केला. थोडं अंतर गेल्यावर टांगेवाले चाचा मागं वळून म्हणाले, "बुजुर्गाँ कू क्या खिला दिये जी? घोडा पलट पलट के देख रा."

जिंतूरच्या सर्विस मोटरीत चढताना तुम्ही खांबाला धरून थांबलात. दिवसभरात मला उद्देशून पहिल्यांदाच काही बोललात.

"पोरा, तुमच्याकडं रोज असंच जेवतात का?"

मी छाती काढून म्हणालो, "रोज नाही मामा. पाहुणे आले की."

निरोप येईना. मी मोंढ्यात जिंतूरकडची प्रत्येक मोटर बघायचो. मध्यस्थही तोंड चुकवू लागला. शेवटी गंगाक्कानंच विचारलं, "लग्नाचं घोडं कुठं अडलं रे?" मी सगळं सांगितलं. तिच्या हातात वरणाचा डाव होता. तो तसाच वर राहिला.

"आरं बैला, तुझ्याबी गळ्यात लिंगच हाय ना, का घुंगरू बांधलंय? त्यो टाकू शकत न्हाई आन् तू थांबत न्हाईस. मग थांबणार कोण, पंचम जॉर्ज?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. इतका पडला, की मला ताटातली भाकरी दिसेना. काशी गेली, असं मी धरून चाललो. तराजूत शेंगदाणे टाकणारा तो हात आता कुण्या दुसऱ्याच्या घरी भाकरी थापणार, आणि तिथला नवरा हिंग न मागताच तिला घेऊन जाणार. मी गंगाक्काकडं जेवायचंच सोडलं. तर ती मोंढ्यात येऊन सगळ्या हमालांसमोर ओरडून गेली, "सासऱ्याला मारून आता सोता मरायलाय का?"

आणि मग एक दिवस तुमचा होकार आला. मध्यस्थानं मला तीनतीनदा सांगितलं, तरी मी त्याला विचारत होतो, "नक्की माझंच नाव घेतलं ना?"

मामा, तुम्ही मला का पत्करलं, हे मी तुम्हाला कधी विचारू शकलो नाही. म्हणजे एकदा विचारलं होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. आपण स्टेशनबाहेर भज्यांच्या गाड्यावर उभे होतो. मी धीर करून म्हणालो, "मामा, त्या दिवशी एवढं होऊनसुद्धा तुम्ही हो कसं म्हणालात?" तुम्ही म्हणालात, "भजी गार व्हायलीत." तो विषय तिथंच राहिला.

पण राहिलं नाही ते आपलं खाणं. बाजाराला आलात की आधी अडतीवर यायचात, दारातूनच खोकायचात आणि मी टोपी उचलायचो. तुमचं म्हणणं एकच होतं, त्या दिवशी मी तुम्हाला गंगाक्काकडं न्यायला हवं होतं. "जिथं वाढणारी तोंडाकडं बघून वाढती, त्याला जेवण म्हणायचं. तुझ्या त्या हॉटेलात ताटाकडं बघून वाढतेत." मी म्हणायचो, मामा, खुर्चीवर बसलं की माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. तुम्ही म्हणायचात, "मला जमिनीवर बसूनबी मी कुणीतरी हाय असं वाटतं. तुलाच खुर्ची लागती." हा वाद आपण इतका चालवला, की निकाल लावण्यासाठी एकदा गंगाक्काकडं जेवून लगेच त्या हॉटेलात जेवायला गेलो. निकाल लागला नाही. घरी आल्यावर दोघांनी काशीच्या हातचा ओवा मात्र खाल्ला, आणि तिनं तुमच्यासमोरच मला विचारलं, "आता काय बापाला दुसऱ्यांदा मारायचं ठरवलं होतं का?"

चहाचंही तसंच. स्टेशनजवळच्या इराण्याकडं जायला तुम्ही आधी तयार नव्हता. मग तुमचा तुम्हीच तोडगा काढलात, की चहा काही खाणं न्हाई, ते पाणी हाय. बशीत ओतून फुंकर घालत प्यायचात आणि शेजारच्या टेबलावर लोक काय खातात ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचात. "मामीला सांगू नको." मी कधी सांगितलं नाही. पण तुमच्या मिशीला त्या चहाचा वास जिंतूरपर्यंत टिकत असणार.

तिथंच एकदा एक फिरता विक्रेता भेटला. त्यानं मुंबईकडची हकिकत सांगितली. समुद्राकाठी हॉटेलं असतात, माणूस खिडकीशी बसतो, समोर नुसतं पाणी आणि हातात बशी. तुम्ही बशी खाली ठेवलीत.

"तिथं मासळी सोडून काय मिळतं?"

"बटाटेवडा मिळतो, इडली मिळते, सगळं मिळतं साहेब."

तुम्ही बशी पुन्हा उचलून रिकामी केलीत. मग मला म्हणालात, "एकदा जाऊन येऊ. पाण्याकडं बघत भजी खाऊ." त्यानंतर दर पावसाळ्यात तुम्ही विचारायचात, "काय रे, समुद्राचं काय झालं?" जणू तो मला आणायला सांगितला होता. कधी कापूस, कधी बाळंतपण, कधी लढाई, काही ना काही आडवं आलं. आपण पूर्णेच्या पुलावर बसून भजी खाल्ली तेवढीच. तुम्ही नदीकडं बघून म्हणालात, "हे काय वाईट हाय?" वाईट नव्हतं, मामा. पण आपण गेलो असतो तर तुम्ही तिथल्या माणसाला समुद्राचं पाणी खारट का ठेवलं म्हणून विचारलं असतं, आणि ते ऐकायला मला तिथं असायचं होतं.

आणि एक सांगायचं राहून गेलं. लढाईच्या दिवसांत अडत बंद पडली. मी काशीला सांगितलं नाही. रोज सकाळी टोपी घालून निघायचो आणि स्टेशनावरच्या बाकावर बसायचो. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक तोंडपाठ झालं होतं. नोकरी गेली याची लाज होतीच. त्याहून मोठी भीती ही, की जिंतूरला कळलं तर तुम्ही म्हणणार, याला पोरगी देऊन चुकलो. एक दिवस बाकावर शेजारी कुणीतरी बसलं आणि खोकलं. मी मान वर केली नाही. तुम्ही म्हणालात, "ऊठ."

तुम्ही मला त्याच आरशांच्या हॉटेलात नेलंत. ज्या हॉटेलाचं नाव काढलं की तुम्ही नाक मुरडायचात, तिथं. तोच वाढपी, आता केस पांढरे झालेला. तुम्ही त्याला जवळ बोलावून माझ्याकडं बोट केलंत, "ह्याचं ताट रिकामं दिसू देऊ नको." तो हसला नाही. त्यालाही काहीतरी कळलं असावं. मी नुसती पुरी मोडत बसलो. तेव्हा तुम्ही म्हणालात, "आधी खा. रडायचं ते मागून रड."

मी खाल्लं. तुम्ही नोकरीचा एक शब्द काढला नाहीत. साखर मिळत नाही, दुकानात सगळा चहा गुळाचा झालाय, मामीच्या गुडघ्याला कुठलं तेल लागू पडलं, असलं काहीबाही सांगत राहिलात. हॉटेलात ताट धुऊन पाणी प्यायचं मी सोडून दिलं होतं. शेरवानीवाले बघतात म्हणून. त्या दिवशी मी ताटात पाणी घातलं, बोटानं ताट धुतलं आणि प्यायलो. वाढपी पुरी घेऊन दोन पावलं पुढं आला होता. तो माझ्या हाताकडं बघून थांबला. इतक्या वर्षांत एवढं तो शिकला होता.

बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "काशीला आज सांग. ती बैल हटवणारी बाई हाय, असल्यानं काय घाबरती?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मला महिन्यापास्नं माहीत हाय. टोपीला स्टेशनाचा कोळसा लागतो." पुढं जिनिंगमध्ये मला काम मिळालं. त्यात तुमचा हात होता का, हे मला आजही माहीत नाही. तुम्हाला विचारलं असतं, तर भजी गार झाली असती.

एवढं सगळं तुम्ही केलंत, आणि मी तुम्हाला काय दिलं? एक अपचन. तरी प्रत्येक वेळी माझ्या मनात एकच होतं. या माणसानं त्या दिवशी माझ्या मूर्खपणाच्या पलीकडचं काहीतरी बघितलं. पाण्यातली पुरी खाता खाता त्याला माझं मन दिसलं. ह्या एका विश्वासावर, मामा, मी जावई म्हणून ताठ मानेनं जगलो.

काल तुमची शिवगणाराधना झाली. आधी जंगम जेवले, मग गावची पंगत बसली. वाढायला मी होतो. काशीनं मला दोनदा बजावलं, "विचारून वाढा." सगळं आटोपल्यावर मामी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो आणि समोर बसलो. मग मी म्हणालो, "मामी, एक विचारू? मामांनी मला का पसंत केलं होतं?"

मामींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "कुणी केलं?"

"मामांनी."

"त्यांनी कुठं केलं? परभणीहून आले ते आडवेच झाले. पोटाला तेल चोळून चोळून माझे हात दुखले. म्हणायलेत, पोरगा साफ येडा हाय, तिथं काशी द्यायची न्हाई. मी म्हणले, येडा असू द्या. ज्याला दुसऱ्याला वाढायची एवढी हौस हाय, त्याच्या घरात आपली लेक उपाशी न्हाई मरायची. महिनाभर भांडले त्यांच्यासंगं. तवा कुठं हो म्हणले, तेबी तोंड फिरवून."

मी तांब्या खाली ठेवला. म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच पत्त्यावर आभार पाठवत होतो. पण मामा, खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. तुम्ही मला नको म्हणाला होता, आणि तरी दर बाजाराला दारात येऊन खोकायचात. नको असलेल्या माणसासोबत तुम्ही गंगाक्काच्या पाटावर बसलात, इराण्याची बशी फुंकलीत, पुलावर भजी खाल्लीत, बाकावर शेजारी येऊन बसलात. पहिल्या दिवशीच हो म्हणाला असतात, तर ते तुमचं कर्तव्य झालं असतं. हे त्याच्याहून जास्त होतं. तुम्हाला मी मागाहून आवडलो. ते कधी घडलं, कुठल्या भज्यावर घडलं, ते विचारायला आता तुम्ही नाहीत. पण घडलं एवढं नक्की.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मामींना ते दिसू नये म्हणून, आणि जरा स्वतःला सावरायला म्हणून, मी हसत म्हणालो, "म्हणजे माझ्याबद्दलचा मामांचा अंदाज चुकलाच म्हणायचा."

मामींनी मला पायापासून टोपीपर्यंत नीट बघून घेतलं.

"चुकला कुठं? येडे तर तुमी हावच की."